तण उन्हाळ्यात मारायचं: सड्यावरच्या बागेचा अनुभव

पेडणे तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, घर आहे आमचं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलीमीटर पाऊस पडतो हे खरं, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, आणि डिसेंबरपासून मे अर्धा सरेपर्यंत आमच्याकडे थेंब पडला तर नशीब. खाली चिऱ्याचा दगड, वर कुठे वीतभर तर कुठे चार बोटं लाल माती, पडलेलं पाणी पाझरून खालच्या वाड्यातल्या विहिरींना जातं आणि फेब्रुवारी संपेपर्यंत सगळा सडा करडा पडतो. कुळागरवाल्यांचं, म्हणजे खालच्या माड-पोफळीच्या बागांचं, वेगळं, तिथे बारमाही ओल, त्यांचं तणही वेगळं. मी हे लिहितेय ते अशा कोरड्या जागेवर घराभोवती चार झाडं, थोडी भाजी, अबोली-शेवंती करणाऱ्यांसाठी, आणि माझं म्हणणं एकच आहे की तण काढायचा खरा मोसम पावसाळा नाही, उन्हाळा आहे. जुलैत सगळे रेनकोट घालून उपटत बसतात, उपटलेलं तिथेच परत मूळ धरतं, पाठ मोडते आणि ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. आपल्याकडे पाच महिने कडक कोरडं ऊन फुकट मिळतं, ते वापरायचं.

ही अक्कल माझी नाही, वन्संची. ह्यांची मोठी बहीण मस्कतला असते, खूप वर्षं झाली. तिथे वर्षभरात पाऊस १०० मिलीमीटरच्या आसपास, आपल्याकडे जुलैतल्या एखाद्या दिवसात तेवढा होऊन जातो. त्यांच्या अंगणात लिंबू आहे, बोगनवेल आहे, खजुराची दोन झाडं, कुंपणाला मोगरा, वाफ्यात मेथी-कोथिंबीर. मी एकदा व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "वन्सं तुमचं बरं आहे, वाळवंटात तण कुठलं यायला!" तर म्हणाल्या, "अगं येतं की, पण कुठे यायचं ते मी ठरवते."

मग त्यांनी मोबाईल फिरवून सगळं दाखवलं. झाडाच्या बुंध्याशी ठिबकची नळी, बाकी सगळ्या जमिनीवर बारीक खडी, आणि जिथे थेंब पडतो तेवढंच वर्तुळ हिरवं. हरळी आलेली ती नळीच्या कडेकडेने. लव्हाळं आलं ते वाफ्यासाठी विकत आणलेल्या मातीच्या पिशव्यांतून. आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे गोखरू, जमिनीला चिकटून पसरतो, पिवळी फुलं, फळ पिकलं की त्याचे पाच काटेरी तुकडे होतात आणि चपलेत घुसतात, मुलांच्या सायकली पंक्चर होतात. त्याला त्या फळ धरायच्या आधी मधल्या मुळासकट काढतात आणि काटे पडलेच असतील तर जुना गालिचा जमिनीवर पसरून त्याच्यावर चालतात, काटे गालिच्यात रुततात, मग तो गुंडाळून कचऱ्यात. मला हे फार आवडलं. आणखी एक सांगितलं त्यांनी, तिथे कधी पाऊस पडला की चार-आठ दिवसांत पडीक जमीन हिरवी होते, म्हणजे बी मातीत वर्षानुवर्षं नुसतं थांबलेलं असतं. म्हणून पाऊस झाला की त्या पंधरवड्याच्या आत, फुलं यायच्या आधी, अंगण साफ. बस, वर्षातलं मोठं काम तेवढंच.

मी फोन ठेवला आणि विचार करत बसले की जानेवारी ते मे आमचा सडा दुसरं काय आहे.

तर २०२३च्या जानेवारीत सुरुवात केली. आधी काही उपटलं नाही, वही घेऊन अंगणभर फिरले आणि कुठे काय आहे ते लिहून काढलं. हे काम कंटाळवाणं वाटतं पण सगळ्यांनी करावंच, कारण प्रत्येक तणाचा उपाय वेगळा आणि त्याचा महिना वेगळा. आमच्याकडे निघालं ते असं: गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेला रानमोडी, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली. फाटकाजवळ जिथे घर बांधताना रेती टाकली होती तिथे गाजर गवत. भाजीच्या वाफ्यांत आणि अबोलीच्या ओळीत लव्हाळं. नळाच्या आजूबाजूला हरळी. चिऱ्याच्या फरशीच्या सांध्यांत एकदांडी आणि भुईआवळा. मागच्या उतारावर लाजाळू. आणि मोरीचं पाणी जातं त्या बाजूला वेडेलिया, ती पिवळ्या फुलांची वेल, नर्सरीतून आणलेल्या एका कुंडीतून आलेली. बघायला सुंदर, लोक मुद्दाम लावतात, पण जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात आणि तुकडा राहिला तरी पुन्हा पसरते.

वहीत बघितल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसली. रानमोडी आणि लाजाळू सोडली तर जानेवारीत जिवंत असलेलं प्रत्येक तण आमच्या पाण्यावर जगत होतं. सड्यावर बहुतेक घरी संध्याकाळी पाइप घेऊन सगळीकडे पाणी फिरवतात, अंगण थंड होतं, बरं वाटतं, पण त्यात झाडाला मिळतं थोडं आणि तणाला जास्त. म्हणून पहिलं काम ठिबक. आंब्याला, लिंबाला, जास्वंदीला, मिरच्यांना, प्रत्येकाच्या मुळाशी तासाला ४ लिटरवाले ड्रिपर लावले, मोठ्या झाडांना थोडे जास्त, टाकीला फिल्टर बसवला. फिल्टर विसरू नका, नाहीतर बोअरच्या पाण्यातल्या गाळाने ड्रिपर महिन्याभरात बंद पडतात. बाकी जमिनीला पाणी एकदम बंद. ह्यांना आधी पटेना, संध्याकाळी पाइप धरून उभं राहायची सवय, पण टँकरचं बिल कमी झालं तेव्हा आपोआप पटलं. मार्च उजाडेपर्यंत नळाजवळची हरळी सोडून मोकळ्या जागेतलं बरंचसं तण नुसतं वाळून गेलं, हात न लावता.

रानमोडीला मात्र पाणी लागत नाही. ती मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली, पण आता कोकणात आणि गोव्यात असा डोंगर नाही जिथे ती नाही. काजूवाल्यांना विचारा, बोंडं पडायला लागायच्या आधी झाडाखालची जमीन साफ करतात त्यात निम्मी हीच असते. डिसेंबर-जानेवारीत फिकट जांभळट पांढरी फुलं येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बी कापसासारखं वाऱ्यावर उडतं, म्हणून कोयता चालवायचा तो फुलोरा असतानाच, उशिरात उशिरा जानेवारीच्या शेवटापर्यंत. नंतर कापली तर आपणच बी झटकून सगळीकडे पेरतो. कापून ढीग जाळायचा नाही हे कृपा करून लक्षात ठेवा, मार्चमधला सडा म्हणजे एक ठिणगी पुरते, वाळलेली रानमोडी तेल ओतल्यासारखी पेटते आणि दर वर्षी कोणाची ना कोणाची काजूची बाग जाते. मी फुलांचे शेंडे वेगळे काढून खड्ड्यात पुरले आणि बाकीच्या काठ्या-पाला झाडांच्या बुंध्यापासून थोडं लांब आच्छादन म्हणून टाकला. बुडखा राहतोच, तो जूनमध्ये फुटतो, आणि तेव्हा माती मऊ झालेली असते म्हणून दोन्ही हातांनी धरून मुळासकट ओढायचा. जानेवारीत ओढायला गेलात तर चिऱ्यातून निघत नाही, फक्त हात सोलतात. एवढ्या सगळ्यात तिचा एक गुण सांगायला हवा, कोयत्याने बोट कापलं तर तिचाच पाला चुरगळून रस लावतात, रक्त थांबतं, आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी मला ते करून दाखवलं.

गाजर गवताला हातमोजे घालूनच हात लावायचा. आपल्या देशात ते पहिल्यांदा पुण्यात १९५५ साली नोंदलं गेलं आणि आता कुठे नाही ते विचारा. अंगाला खाज, पुरळ, काहींना दम्याचा त्रास, आणि एका झाडाला हजारोंनी बी. आमचं थोडंच होतं, फुलायच्या आधी काढलं, नंतर त्या जागेवर पुठ्ठा आणि खडी टाकली, विषय संपला. रेती-माती घरात घेताना ती कुठून आली ते विचारत जा एवढंच.

आता लव्हाळं. ह्याच्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण माझे दोन उन्हाळे ह्यानेच खाल्ले आणि ज्यांच्याकडे आहे त्यांना माहिती आहे की हे साधं प्रकरण नाही. गवतासारखं दिसतं पण गवत नाही, दांडी बोटांत धरून फिरवा, तीन कडा लागतात. खुरप्याने वरचं काढलं की चार-पाच दिवसांत परत तेवढंच, गडद हिरवं, टोकदार. कारण खेळ सगळा खाली आहे. एके ठिकाणी मी माती बोटांनी हळूहळू बाजूला करत खाली गेले, एक पातं धरून, बुंध्याशी एक फुगीर गाठ, तिच्यातून तारेसारखा चिवट काळपट धागा आडवा निघालेला, त्याला पुढे वाटाण्याएवढी गाठ, परत धागा, परत गाठ, अशी मण्यांची माळच. टोकाची गाठ दगडाच्या फटीत जाऊन बसलेली. नखाने खरवडली तर आत पांढरीशुभ्र आणि वास असा छान की लगेच ओळखला, दिवाळीच्या उटण्यात असतो तो नागरमोथ्याचा. तोच हा.

शेजारच्या काकी गडग्यावरून बघत होत्या, त्या म्हणाल्या, "बाये, तें खणूं नाका गो, खणल्यार चड येता." म्हणजे खणलं तर जास्तच येतं. आणि काकींचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, पावसाळ्यात. माळ अखंड असते तोवर टोकाकडची गाठ फुटते आणि मागच्या बऱ्याचशा गप्प झोपून असतात. कुदळ मारून माळ तोडली की प्रत्येक गाठ स्वतंत्र होते आणि ओल मिळाली की प्रत्येक गाठ फुटते. एकाची दहा होतात ती अशी. पण ह्या गाठीची एक दुबळी बाजू आहे, ती वाळली की मरते. उष्णता सोसते, छाटणी सोसते, पण कोरडी पडणं तिला सोसत नाही. आणि फेब्रुवारी-मार्चच्या सड्यावर वाळवण्याइतकं सोपं काहीच नाही, आपण तिथे कोकमं वाळवतो, मिरच्या वाळवतो.

म्हणून त्या वाफ्यांचं पाणी जानेवारीपासून तोडलं. अबोली उपटून कुंड्यांत हलवली, मुळांची माती पूर्ण धुऊन, कारण मुळांत एक गाठ लपली तरी सगळं फुकट. फेब्रुवारीत माणूस लावून पिकासाने वाफा दगड लागेपर्यंत उकरला, सड्यावर माती कमी असते ह्याचा इथे फायदा झाला, गाठींना खोल पळायला जागाच नव्हती. ढेकळं फोडली, दाताळ्याने माती ओढली, सापडल्या त्या गाठी वेचून घमेल्यात. त्या कंपोस्टमध्ये टाकायच्या नाहीत, मी पत्र्यावर पसरून वाळवल्या. राहिल्या त्या मातीतच पण वर, उन्हात. दर आठवड्याला दाताळं फिरवून खालची माती वर करायची, एवढंच काम. होळीपर्यंत गाठी सुरकुतल्या. मरली की नाही ते बघायची रीत सोपी आहे, नखाने फोडा, आत पांढरी आणि दमट असेल तर जिवंत, तपकिरी लाकडासारखी कडक असेल तर गेली. मग एका कोपऱ्यात मुद्दाम पाणी घालून बघितलं किती येतंय. आलं, पण तुरळक, पूर्वी चटई होती तिथे इकडे एक तिकडे एक. ती पाती चार पानांची व्हायच्या आत काढत राहायची, कारण महिन्याभरात ती खाली नवीन गाठी धरायला लागते आणि त्याआधी काढली तर जुनी गाठ साठवलेलं खर्च करून थकत जाते.

पाडव्यानंतर दुसरा टप्पा, प्लॅस्टिकचा. ह्याला सोलरायझेशन म्हणतात. इस्रायलमध्ये याकोव काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीतल्या रोगांसाठी १९७६ साली ही पद्धत शास्त्रीय रीतीने मांडली, आणि पुढे लक्षात आलं की तणाचं बीसुद्धा ह्यात मरतं. माती सपाट करायची, खडे वेचायचे (आमच्या मातीत हे सगळ्यात वेळखाऊ, चिऱ्याचा प्रत्येक तुकडा प्लॅस्टिकला भोक पाडतो), भरपूर पाणी देऊन ओली करायची आणि वर पारदर्शक पॉलिथिन, २५ ते ५० मायक्रॉनचं, जमिनीला अगदी चिकटून अंथरायचं, कडा चर खणून मातीत गाडायच्या. चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही.

लोक काळं प्लॅस्टिक आणतात. काळं स्वतः तापतं, पारदर्शकातून ऊन आत शिरून माती तापते, म्हणून ह्या कामाला पारदर्शकच. आणि लव्हाळ्याच्या बाबतीत अजून एक गंमतीची गोष्ट आहे. काळ्याखाली अंधार असतो, त्याचा कोंब सुईसारखा टोकदार राहतो आणि प्लॅस्टिक फोडून वर येतो, बऱ्याच जणांनी बघितलं असेल. पारदर्शकाखाली त्याला उजेड मिळतो, त्याला वाटतं वर पोचलो, तो पानं उघडतो आणि उघडलेली पानं प्लॅस्टिक फोडू शकत नाहीत, तिथेच अडकून उकडतात. माझ्या वाफ्यात तसंच झालं, प्लॅस्टिकच्या आत चिकटलेली पिवळी पानं दिसायची. गाठी सगळ्या मरत नाहीत ह्याने, म्हणून तर आधी वाळवायचं.

वेळ महत्त्वाची. शेतीच्या पुस्तकात एप्रिल-मे लिहिलेलं असतं, पण किनाऱ्यावर मेमध्ये ढग यायला लागतात, हवेत दमटपणा, ऊन झाकलं जातं. आपल्याकडे तापमान ३३-३४च्या वर फारसं जातच नाही, त्यामुळे जे स्वच्छ ऊन आहे ते वाया घालवून चालत नाही. मी मार्चअखेर ते एप्रिल धरते. थर्मामीटर घालून बघितलं तेव्हा दुपारी दोन इंच खाली ४८-५० अंश लागत होते, उघड्या मातीत त्यापेक्षा बरंच कमी. शेजारच्या काकींनी हे सगळं समजून घेतलं आणि म्हणाल्या मग ही आपली भाजावळच झाली की. बरोबरच आहे, भाताचा तरवा (रोपं) पेरायच्या आधी पालापाचोळा टाकून जमीन भाजायचे, तणाचं बी जळून जायचं. इथे जाळ नाही, धूर नाही, एवढाच फरक.

प्लॅस्टिक काढल्यावर पुन्हा खणायचं नाही. वरची दोन-तीन इंच माती शुद्ध झालेली असते, खणलं की खालचं बी वर येतं. मी नुसत्या बोटाने भोकं पाडून रोपं लावली. त्या पावसात तांबड्या भाजीच्या वाफ्यात तांबडी भाजीच दिसत होती, मला किती आनंद झाला ते कसं सांगू. टायकिळो (टाकळा) मात्र उगवलाच, त्याच्या बियांचं कवच कडक असतं, पण तो येऊ दे म्हटलं, कोवळा आहे तोवर फणसाच्या बिया घालून भाजी करायची आणि उरलेला शेंगा धरायच्या आत काढायचा. शेंगा वाळून तडकू दिल्या तर पुढच्या वर्षी भाजी नाही, जंगल.

औषध का नाही मारलं असं सगळे विचारतात. एक तर आमचा सडा सच्छिद्र आणि उताराला लोकांच्या विहिरी, जे मी वर ओतेन ते कधी ना कधी कोणाच्या तरी घागरीत जाणार, मला ते नको. दुसरं, ग्लायफोसेट हे तणनाशक वाटेल त्याने मारायचं नाही, केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२मध्ये अधिसूचना काढून ते पेस्ट कंट्रोल ऑपरेटरपुरतं मर्यादित केलं, तरी एका दुकानदाराने मला "घरच्यासाठी चालतंय" म्हणून बाटली पुढे केली होती. मिठाचाही सल्ला मिळाला, आगरवाडा जवळच आहे, मीठ स्वस्त. माडाला मीठ चालतं पण लिंबाला, मिरचीला, अबोलीला नाही, आणि कोरड्या महिन्यांत ते मातीत तसंच बसून राहतं. चिऱ्याच्या फरशीच्या सांध्यांतल्या तणाला मी भाताची पेज गाळलेलं किंवा नुसतं उकळतं पाणी ओतते, कोवळं असताना दोनदा ओतलं की संपतं. त्याला पैसे पडत नाहीत.

मे संपताना शेवटचं काम आच्छादन, आणि हे पहिल्या सरीच्या आधी व्हायलाच हवं. मस्कतसारखी खडी मी फक्त फाटकापासून घरापर्यंत टाकली, कारण आपल्या पावसात खडीच्या फटीत माती भरते आणि वर्षा-दोन वर्षांत तिच्यावरच गवत येतं. झाडांभोवती आधी किराणा दुकानातून आणलेले पुठ्ठे, पाण्याने भिजवून, एकावर एक चढवून, आणि वर नारळाची सोडणं. सोडणं ठेवताना पाठ वर आणि पोकळी खाली, उलटी ठेवली तर प्रत्येकात पाणी साठून डासांची पैदास, डेंग्यूला आमंत्रण. बुंध्याला चिकटवायची नाहीत, वीतभर जागा सोडायची. आणि घराच्या भिंतीपासून, लाकडी दारापासून हे सगळं लांब, पुठ्ठ्याला वाळवी लागतेच. काजूचा पालाही चांगला, जाड असतो, लवकर कुजत नाही. वीड मॅट, म्हणजे तण रोखायचं कापड, उतारावर टाकून बघितली, पहिल्या जोराच्या पावसात पाणी तिच्याखालून वाहून माती घेऊन गेलं, तेव्हा उतारावर ती नकोच, तिथे मी लाजाळू पहिल्या सरींनंतर मऊ मातीत जाड हातमोज्यांनी काढून अळसांदे (चवळी) पेरले, त्यांनी जमीन झाकली.

सगळंच काढलं असं नाही. हरळी जुन्या दगडी डोणीत वेगळी ठेवली आहे, म्हणजे मुळं अंगणात पसरत नाहीत आणि चतुर्थीला दूर्वा घरच्या. आघाडा गडग्याच्या आतल्या कोपऱ्यात दोन झाडं, पत्रीला लागतो, चतुर्थी झाली की तुरे वाळायच्या आत कापून टाकते कारण त्याचं बी कपड्यांना चिकटून घरभर फिरतं. केना आणि घोळ दिसली तर थेट स्वयंपाकघरात.

बाहेरून येणाऱ्या गोष्टींवर आता मी फार कडक आहे. नर्सरीची कुंडी आली की वरची दोन बोटं माती खरवडून बाहेर, आणि पहिले काही आठवडे ती पायरीवर, जमिनीवर नाही. शेणखत कच्चं घेत नाही, गुरांनी खाल्लेलं बी त्यात जसंच्या तसं असतं. ढीग करून ओला ठेवून झाकला की आतून ५५-६० अंशांपर्यंत तापतो, तीन-चार वेळा बाहेरचं आत आतलं बाहेर असं पालटायचं, मग वापरायचं.

दुसऱ्या वर्षी लव्हाळ्याचं तेच सगळं पुन्हा केलं, कमी जागेवर. तिसऱ्या वर्षी फक्त दाताळं फिरवून पुरलं. वेडेलिया अजून आहे. मोरीच्या बाजूला सतत ओल, तिथे उन्हाचा उपाय लागूच पडत नाही, तुकडे वेचत राहावं लागतं आणि एक तुकडा राहतोच. ह्या वर्षी मोरीचं पाणी पाइपने थेट केळीच्या आळ्यात वळवलंय, म्हणजे ती पट्टी निदान जानेवारी ते मे कोरडी राहील.

आणि एक प्रश्न होता गडग्यापलीकडच्या रिकाम्या प्लॉटचा. मालक मुंबईत, प्लॉटभर रानमोडी, आपण कितीही साफ करा फेब्रुवारीत वारा सुटला की बी आमच्याकडेच. ह्यांनी त्यांचा नंबर मिळवून फोन केला, गृहस्थ चांगले निघाले, म्हणाले कापा हवं तर, मजुरी मी देतो. आता दर जानेवारीत आमच्या आणि काकींच्या बाजूने दोन-अडीच मीटरची पट्टी आम्ही सगळे मिळून कापतो, आणि वणव्याच्या दिवसांत तीच पट्टी जाळरेषा म्हणूनही उपयोगी पडते.